वापर तीन महिन्यांचा, निगा बारा महिन्यांची

आज मी तुम्हाला एका अशा शहरात घेऊन जाणार आहे, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि गोठलेल्या पाण्यावरून माणसे खुशाल चालत जातात. हे शहर म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले मिनियापोलिस. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सुमारे ४५ अक्षांशावर ते वसले आहे. जानेवारीत तिथल्या रात्री सरासरीने शून्याखाली १३ अंशांच्या आसपास असतात. आणि अशा ह्या शहरात घरोघरी हवा गार करण्याचे यंत्र, म्हणजे ज्याला आपण नुसते 'एसी' म्हणतो ते, बसविलेले आहे!

तुम्ही म्हणाल, "मास्तर, बर्फात राहणाऱ्यांना गारव्याचे यंत्र कशाला? हा तर पैशाचा माज झाला." मलाही प्रथम तसेच वाटले होते. माझी भाची तिथे राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर एक उन्हाळा मी तिच्याकडे काढला. तिच्या घरात जे पाहिले, त्यातून एक साधी गोष्ट कळली, आणि ती आपल्या विहिरीवरच्या पंपालाही तितकीच लागू आहे. ती अशी, की यंत्र चालते तेव्हा खर्च होतो हे सर्वांना दिसते. पण यंत्र बंद पडून असते तेव्हाही खर्च चालूच असतो, आणि तो मात्र कुणाला दिसत नाही.

आधी हे यंत्र तिथे का लागते ते पाहू. मिनियापोलिस समुद्रापासून फार दूर, खंडाच्या पोटात आहे. समुद्राजवळच्या गावाला थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा मिळतो, तो अशा गावाला मिळत नाही. म्हणून हिवाळा जसा कडक, तसा उन्हाळाही अधूनमधून कडक. जुलैत दुपारचे तापमान सरासरीने २८-२९ अंश, म्हणजे आपल्या हिशेबाने काहीच नाही. पण १४ जुलै १९३६ रोजी ह्याच शहरात पारा ४२ अंशांवर गेला होता. त्यात दमटपणाची भर. आसपास मैलोन्‌मैल मक्याची शेते आहेत. भर उन्हाळ्यात हा मका पानांवाटे इतकी वाफ हवेत सोडतो, की तिथले लोक 'मक्याला घाम आला' असे म्हणतात! कोकणातल्या माणसाला मे महिन्यातली उकाड्याची रात्र ठाऊक आहे. तशीच रात्र तिथेही येते. फरक एवढाच, की तिथली घरे थंडीसाठी बांधलेली असतात. भिंतींत कापसासारखे अस्तर, खिडक्या घट्ट. आत शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

हा प्रश्न नुसत्या सुखाचा नाही. मिनियापोलिसच्या आग्नेयेस शिकागो हे मोठे शहर आहे. तेही थंड मुलखातलेच. तिथे जुलै १९९५ मध्ये काही दिवस भयंकर उष्मा झाला, आणि त्यात सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. थंडीची सवय असलेल्या शरीराला अचानक आलेला उष्मा सोसत नाही. म्हणून वर्षातून पाचदहा दिवसच का होईना, पण त्या दिवशी ते यंत्र चाललेच पाहिजे, अशी तिथली गरज आहे.

आता यंत्राची रचना. आपल्याकडे एसी म्हटला म्हणजे भिंतीवरची लांबट पेटी डोळ्यांपुढे येते. तिथे बहुतेक घरांत तसे नसते. घराच्या तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी असते. हिवाळ्यात ती हवा तापवते, आणि एक मोठा पंखा ती ऊन हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. त्याच भट्टीच्या डोक्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक जाळी बसविलेली असते. उन्हाळ्यात भट्टी विझलेली असते, आणि तोच पंखा, त्याच नळांतून, ह्या थंड जाळीवरून हवा खेळवतो. घरातली उष्णता शोषून घेतलेला गॅस बाहेर अंगणातल्या एका पेटीत जातो आणि तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकून परत येतो. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. तो ठरलेल्या अंशावर यंत्र चालू-बंद करतो. गंमत अशी, की घरातल्या भट्टीला आपोआप ताब्यात ठेवणारे असे एक यंत्र अल्बर्ट बुट्झ नावाच्या संशोधकाने ह्याच मिनियापोलिस शहरात तयार केले, आणि १८८६ साली त्याचे पेटंट घेतले.

म्हणजे पंखा एक, नळ एक, आणि हवा गाळणारा फिल्टरही एकच. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच आहे.

त्या वर्षी जूनच्या अखेरीस एकदम उष्मा वाढला. पारा पस्तिशीवर गेला. भाचीने एसी लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळांतून येणारी हवा मंदावली, आणि रात्री पाहतो तो गार हवा बंद! बाहेरची पेटी मात्र घरघरत होती. मी तळघरात जाऊन पाहिले. जाळीला जोडलेल्या तांब्याच्या नळीवर चक्क बर्फ जमला होता. बाहेर आग, आणि नळीवर बर्फ!

घरात भाचीच्या सासूबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाचा त्रास. वरच्या मजल्यावर त्यांची खोली. रात्री अकराला त्यांना घेरी येऊ लागली. भाची घाबरली. आम्ही त्यांना हाताला धरून तळघरात आणले. जमिनीखालची जागा म्हणून तिथे बराच गारवा होता. तिथेच गादी घातली, ओला पंचा कपाळावर ठेवला, थोडे थोडे पाणी पाजले. पहाटे त्यांना बरे वाटले. पण ती रात्र आम्ही तिघांनी बसून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक आला. त्याने गॅस तपासला नाही, कॉम्प्रेसर उघडला नाही. सरळ भट्टीच्या बाजूची फट उघडली आणि आतला फिल्टर ओढून काढला. पुठ्ठ्याच्या चौकटीतली ती गाळणी धुळीने इतकी भरली होती, की जुन्या गोधडीचा तुकडाच वाटावा. सगळा हिवाळा भट्टी चालली होती. तेव्हाची धूळ त्यात बसली होती, आणि वसंतात तो बदलायचा राहून गेला होता. फिल्टर तुंबला म्हणून हवा जाळीवर पोचेना. उबदार हवा न मिळाल्यामुळे जाळी शून्याखाली गेली. हवेतले पाणी तिच्यावर गोठले. आणि बर्फाने उरलीसुरली वाटही बंद केली.

"आता काही तास नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या, आणि नवा फिल्टर घाला," एवढेच त्याने सांगितले. बिल झाले १४० डॉलर. भाची मला म्हणाली, "मामा, पंधरा डॉलरचा पुठ्ठा वेळेवर बदलला असता, तर हे पैसे वाचले असते." मी म्हटले, "बाळे, पैशाचे राहू दे. कालची रात्र वाचली असती."

श्रोते हो, ह्या प्रसंगानंतर मी आणि भाचीने बसून खर्चाची एक वही केली. त्यातला हिशेब तुम्हाला सांगतो. डॉलरचा भाव रोज हलतो, म्हणून रुपयांत सांगत नाही. मजुरीच्या मापाने सांगतो. त्या शहरात किमान मजुरी तासाला सोळा डॉलरांच्या आसपास आहे. म्हणजे आठ तासांच्या दिवसाचे सुमारे १२८ डॉलर झाले.

पहिली बाब फिल्टरची. साधा फिल्टर दहा ते पंचवीस डॉलरना येतो, म्हणजे तासा-दीड तासाची मजुरी. जाडीप्रमाणे तो एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो. हे काम घरच्या माणसाने करायचे; त्याला पाच मिनिटे लागतात. तुंबलेला फिल्टर काढून स्वच्छ घातला, तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते.

दुसरी बाब बाहेरची पेटी धुण्याची. ह्यात तिथल्या मुलखाची एक खास अडचण आहे. नदीकाठी आणि रस्त्यांच्या कडेला तिथे 'कॉटनवुड' नावाची झाडे असतात. आपल्या सावरीची बोंडे फुटली म्हणजे जसा कापूस उडतो, तसाच त्यांचा कापूस जूनच्या सुमारास उडतो. बाहेरची पेटी चारी बाजूंनी हवा आत ओढते, आणि तो कापूस तिच्या पातळ पत्र्यांना पांघरुणासारखा चिकटतो. मग आतली उष्णता बाहेर जाणार कशी? कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त खातो, आणि एखाद्या दुपारी बंद पडतो. उपाय सोपा आहे. भिंतीवरच्या खटक्याने पेटीची वीज पूर्ण तोडायची, आणि बागेच्या रबरी नळीने हलक्या धारेने पाणी मारायचे. जोराची धार नको, पत्रे वाकतात. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

तिसरी बाब पाणी वाहून जाण्याच्या नळीची. जाळीवर हवेतले पाणी ठिबकते, ते एका नळीने मोरीकडे जाते. तिच्यात शेवाळ धरते, आणि मग पाणी भट्टीवर किंवा तळघराच्या जमिनीवर पसरते. उन्हाळ्याच्या आरंभी नळीत कपभर व्हिनेगर ओतावे आणि मागून पाणी सोडून पाहावे. खर्च काही आण्यांचा, असे पूर्वी म्हटले असते.

चौथी बाब वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी. तिला साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात, म्हणजे दिवसाची ते दीड दिवसाची मजुरी. ही तपासणी वसंतात, बाहेर पंधरा-सोळा अंशांच्या वर ऊब आल्यावर करवून घ्यावी. त्याहून थंड दिवशी एसी चालवून पाहणे यंत्रालाच बाधते.

पाचवी बाब दुरुस्तीची. आपल्या सिंगल फेजच्या पंपाला जसा कपॅसिटर असतो, तसाच तिथे बाहेरच्या पेटीतही असतो. वस्तू वीस-तीस डॉलरची. पण माणूस बोलावून बदलायला दीडशे ते साडेतीनशे डॉलर होतात. पंख्याची मोटर गेली तर कित्येक शेकडे. जाळी किंवा कॉम्प्रेसर गेला तर हजारांचा मामला. आणि सगळे यंत्रच नवे घ्यायचे तर पाच ते दहा हजार डॉलर सहज, म्हणजे चाळीस ते ऐंशी दिवसांची मजुरी!

शिक्षक बंधूंनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. समजा यंत्र ३ किलोवॉटचे आहे आणि उन्हाळ्यात ५०० तास चालते. म्हणजे १५०० युनिटे झाली. युनिटला १५ सेंट धरले तर विजेचे २२५ डॉलर. आणि तपासणीचे १५०. म्हणजे चालविण्याचा खर्च आणि राखण्याचा खर्च जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे! उष्ण मुलखात यंत्र आठ-नऊ महिने चालते. तिथे विजेचे बिल मोठे, राखणीचा वाटा लहान. थंड गावात उलटे होते. म्हणून तिथला माणूस म्हणतो, "तीन महिन्यांसाठी दीडशे डॉलर कशाला?" आणि तपासणी टाळतो. त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. पण त्याच भेटीत पंखा पाहिला जातो, नळ पाहिले जातात, आणि तो पंखा जानेवारीत भट्टीची ऊब वर नेणार असतो. उन्हाळ्यात पंखा बंद पडला तर घामाघूम व्हाल. जानेवारीत बंद पडला तर घरातले पाण्याचे नळ गोठून फुटतील. तेव्हा हा खर्च एकट्या एसीच्या नावावर मांडू नये. निम्मा हिवाळ्याच्या खात्यावर घालावा.

आता ज्या नऊ महिन्यांत यंत्र चालत नाही, त्यांत काय होते ते ऐका. जमिनीतले पाणी गोठले की जमीन फुगते, आणि वसंतात खचते. त्यामुळे बाहेरच्या पेटीखालची फरशी कलते. पेटी कलली की नळ्यांवर ताण येतो. छपरावरून बर्फाचे ढेकूळ पडून पंख्याचे पाते वाकते. काही जण भल्या हेतूने सगळी पेटी प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवतात. तेही चुकते. आत ओल कोंडते, गंज धरतो, आणि उंदरांना आयते घर मिळते. ते वायरी कुरतडतात. फक्त वरच्या तोंडावर एक फळी ठेवावी, बाजू मोकळ्या सोडाव्यात, आणि उन्हाळ्यात यंत्र लावण्याआधी फळी आठवणीने काढावी.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण त्यात पुष्कळांचे पैसे जातात. मेकॅनिक येतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, दरवर्षी थोडा भरावा लागतो." हे खरे धरू नका. आपल्या माठातले पाणी बाष्प होऊन उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीतला गॅस तसा उडत नाही. तो बंद नळ्यांत आतल्या आत फिरतो. रहाटाची माळ विहिरीत जाते आणि वर येते, तसा. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून विचारावे, "गळती कुठे आहे ते आधी दाखवा." गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय जुन्या यंत्रांतला 'आर-२२' नावाचा गॅस पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला घातक, म्हणून १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत त्याचे नवे उत्पादन आणि आयात बंद झाली. जुना साठा किंवा पुन्हा शुद्ध केलेला गॅस तेवढा मिळतो, आणि तो महाग पडतो. असे जुने यंत्र गळू लागले, तर दुरुस्तीवर पैसे घालावेत की नव्यासाठी साठवावेत, ह्याचा शांतपणे विचार करावा, आणि मोठी दुरुस्ती सांगितली तर दुसऱ्या जाणकाराचेही मत घ्यावे.

मात्र गॅसच्या नळ्यांना आणि कपॅसिटरला घरच्या माणसाने हात लावू नये. गॅसचे काम करायला तिथे कायद्याने परवाना लागतो. आणि कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही भार शिल्लक असतो, तो जबर झटका देतो. पंपाची पेटी उघडणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनीही हे विसरू नये.

भाचीने ती वही आता भट्टीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवली आहे. तीत चारच रकाने आहेत: तारीख, काय केले, किती पैसे, पुढची तारीख. फिल्टर बदलला की सासूबाई स्वतः तीत मराठीत नोंद करतात. त्यांना आता हे काम आपलेच वाटते. मागच्या पत्रात भाचीने लिहिले आहे, की त्यानंतर मेकॅनिकला तपासणीखेरीज बोलवावे लागलेले नाही.

श्रोते हो, तुमच्या घरी तळघरातली भट्टी नसेल. पण पावसाळाभर बंद असलेला पंप असेल. हंगामापुरते चालणारे मळणीयंत्र असेल. शाळेत सुटीभर झाकून ठेवलेला संगणक असेल. ज्या दिवशी त्याची निकड लागते, नेमक्या त्याच दिवशी तो रुसतो, आणि आपण नशिबाला बोल लावतो. पंप बंद ठेवताना एकदा, आणि हंगामाच्या पंधरा दिवस आधी एकदा, अशी नुसती पाहणी केली, उंदरांनी वायर तोडली का, गंज धरला का, कुठे गळते का एवढे पाहिले, तरी पुष्कळ आहे. आणि एक वही तेवढी खिळ्याला अडकवा. शिक्षकांनी ती मुलांच्या हाती द्यावी. मुले अशा नोंदी मोठ्यांपेक्षा इमानाने ठेवतात.